गोळी मुंबईची, आधार केपटाउनचा

1 डिसेंबरला जागतिक एड्स दिन येतो. शाळा-कॉलेजांत लाल फितीचे फलक लागतात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात आणि 2 डिसेंबरला विषय संपतो. आपल्या मोहल्ल्यांत तर तो सुरूही होत नाही. व्यभिचार हराम आहे, नशा हराम आहे, मग हा आजार आपल्याकडे येईलच कसा, असा एक हिशेब आपण मनाशी करून ठेवला आहे. या हिशेबात एक माणूस धरायचे राहून जाते. ती म्हणजे घरात बसलेली, नमाज-रोजा सांभाळणारी, नवऱ्याशिवाय कुणाशीही संबंध नसलेली बायको. हे संपादकीय तिच्याविषयी आहे.

तिच्याविषयी पहिली ठोस माहिती आपल्या महाराष्ट्रातूनच पुढे आली. 1993 ते 1996 या काळात पुण्यातल्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या 916 स्त्रियांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. कोविडच्या काळात टीव्हीवर रोज दिसणारे तेच हे डॉक्टर. या 916 जणींपैकी 525 वेश्या व्यवसायातल्या होत्या आणि 391 जणींचा त्या व्यवसायाशी संबंध नव्हता. या 391 स्त्रियांपैकी 13.6 टक्के, म्हणजे पन्नासहून अधिक जणींना एचआयव्हीची लागण झालेली होती. हा अभ्यास 1997 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच म्हटले होते की, भारतात एकनिष्ठ विवाहित स्त्रियांमध्ये ही लागण पसरत आहे. दवाखान्यात आलेल्या स्त्रियांवरून सगळ्या समाजाची टक्केवारी काढता येत नाही, हे खरे. पण लग्न झाले म्हणजे स्त्री सुरक्षित झाली हा समज त्या अभ्यासाने कायमचा खोडून काढला. तिचे स्वतःचे वागणे कितीही स्वच्छ असले, तरी ते तिला वाचवू शकत नव्हते.

आज देशात सुमारे 25 लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांत चाळीस टक्क्यांहून जास्त स्त्रिया आहेत. राज्यांचा विचार केला तर सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे. विषाणू कुणाचा धर्म विचारत नाही, त्यामुळे या आकड्यांत आपल्या बहिणीही आहेत.

आधी चाचणी तिची, म्हणून दोषही तिचा

ही लागण स्त्रीच्या लक्षात येते कशी, ते नीट पाहायला हवे, कारण तिच्यावरचा सगळा अन्याय तिथून सुरू होतो. गरोदर स्त्री नाव नोंदवायला सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात जाते, तेव्हा इतर तपासण्यांबरोबर तिला एचआयव्ही चाचणीही सुचवली जाते. ही सोय चांगलीच आहे, कारण त्यामुळे बाळ वाचते. पण नवऱ्याला अशी चाचणी करण्याची वेळच येत नाही. त्यामुळे बऱ्याच घरांत लागण आधी नवऱ्याला झालेली असते आणि कागद मात्र आधी बायकोच्या नावाचा येतो. मग सासू विचारते, 'हे तू कुठून आणलेस?' ज्याची चाचणी आधी झाली त्याला लागणही आधी झाली, असे कुठलेच विज्ञान सांगत नाही. घरे मात्र तसेच मानतात.

दुसरी वाट आखातातून येते. रायगड आणि रत्नागिरीच्या किती घरांतले पुरुष कुवेत, दुबई, सौदीला आहेत हे या वाचकांना सांगायला नको. व्हिसासाठीच्या मेडिकलमध्ये एचआयव्हीची चाचणी असते आणि ती पॉझिटिव्ह आली की उमेदवार 'अनफिट' ठरतो. समजा, एखाद्याच्या हाती असा कागद आला. घरी तो 'छातीत डाग निघाला' म्हणून सांगू शकतो. नोकरी गेल्याचे दुःख सगळे घर वाटून घेते. बायकोला खरे कारण कळते ते ती स्वतः आजारी पडल्यावर, किंवा नवरा गेल्यावर.

आणि नवरा गेल्यावर काय होते? तिच्याकडे विधवा म्हणून पाहण्याआधी अपराधी म्हणून पाहिले जाते. इद्दतचे चार महिने दहा दिवस पुरे व्हायच्या आत तिची ताट-वाटी वेगळी होते. मेहरचा विषय कुणी काढत नाही. 'तिला आता किती दिवस जगायचे आहे' असे म्हणून तिचा वारसा गिळला जातो. मुलांना दादी ठेवून घेते आणि तिला माहेरी पोचवले जाते. माहेरी भावजय असते.

यातली एकही गोष्ट विषाणू करत नाही. ती सगळी माणसे करतात, आणि ती माणसे आपल्यातलीच असतात.

औषधाचा प्रश्न बराचसा सुटला आहे

तरुण वाचकांपैकी अनेकांच्या मनात एड्स म्हणजे मृत्यू असे चित्र अजून आहे. ते जुने झाले आहे. सरकारी एआरटी केंद्रांत औषधे मोफत मिळतात. रोज नियमाने गोळी घेतली तर एचआयव्ही असलेली व्यक्ती नोकरी करते, मुले वाढवते आणि म्हातारी होते. औषधाने रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. 2016 मध्ये 'जामा'त आलेल्या एका युरोपीय अभ्यासात अशा 888 जोडप्यांची नोंद होती. त्यांच्यात कंडोमशिवाय संबंध झाले होते, तरी एकातल्या विषाणूची दुसऱ्याला लागण झाल्याचे एकही उदाहरण सापडले नाही. आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता उपचाराविना 15 ते 45 टक्के असते. योग्य उपचाराने ती 5 टक्क्यांच्या खाली येते. एका ताटात जेवण्याने, एका संडासाने, मिठी मारल्याने, डास चावल्याने ही लागण होत नाही. ज्या बाईच्या हातचे जेवण बंद केले जाते, तिच्या हातच्या जेवणातून कधीच कुणाला काही होणार नव्हते.

हे औषध जगातल्या गरिबांपर्यंत पोचण्याची कहाणी मुंबईची आहे आणि आपल्या पिढीला ती माहीत असायला हवी. 2001 पर्यंत तीन औषधांच्या एका वर्षाच्या उपचाराला दहा ते पंधरा हजार डॉलर लागत. आफ्रिकेत लाखो लोक मरत होते आणि औषध फक्त श्रीमंत देशांत होते. त्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या सिपला कंपनीचे प्रमुख डॉ. युसुफ हमीद यांनी हाच उपचार एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेला वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी. त्यांचे वडील ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 मध्ये मुंबईत ही कंपनी सुरू केली होती. मोठ्या औषध कंपन्यांचा संताप झाला, पण भाव कोसळले आणि आफ्रिकेतल्या सरकारांना उपचार परवडू लागले. आपल्याच देशात सरकारी रुग्णालयांतून मोफत औषध सुरू व्हायला 1 एप्रिल 2004 उजाडला. सुरुवातीला देशभरात मिळून मोजकी केंद्रे होती, त्यांपैकी एक मुंबईचे जे. जे. रुग्णालय.

म्हणजे गोळी इथून तिकडे गेली. आफ्रिकेतल्या स्त्रियांनी मात्र गोळी येण्याची वाट पाहत नुसते बसायचे नाकारले होते. त्यांनी दुसरे काही उभे केले होते, आणि ते इकडे अजून पुरते आलेले नाही.

त्यांनी काय केले

युगांडातल्या नोरीन कलीबा यांचे पती क्रिस्टोफर यांना चढवलेल्या रक्तातून लागण झाली होती. 1987 मध्ये ते गेले. तोवर औषध नव्हते. रुग्णालयात आणि समाजात एड्सच्या रुग्णाला मिळणारी वागणूक कलीबा यांनी जवळून पाहिली होती. त्याच वर्षी त्यांनी आणखी पंधरा जणांना सोबत घेऊन 'टासो' ही संस्था उभी केली. त्या सोळांपैकी बहुतेकांना स्वतःला लागण होती किंवा त्यांच्या घरात ती होती. त्यांच्याकडे द्यायला औषध नव्हते. ते एकमेकांच्या घरी जात, एकत्र जेवत, मुलांचे काय करायचे ते ठरवत. पुढे टासो युगांडातली सर्वांत मोठी आधार संस्था झाली.

दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला 2001 मध्ये 'मदर्स टू मदर्स' हे काम सुरू झाले. त्यातली कल्पना अगदी साधी आहे. जिला लागण आहे आणि जिने उपचार घेऊन निरोगी बाळ जन्माला घातले आहे, अशा स्त्रीला प्रशिक्षण आणि पगार देऊन दवाखान्यात बसवायचे. नव्याने कागद हाती पडलेली गरोदर बाई रडत बाहेर आली की तिच्याशेजारी ही बसते. डॉक्टरकडे पाच मिनिटे असतात, हिच्याकडे दुपार असते. गोळी कधी घ्यायची, सासूला काय सांगायचे, नवऱ्याला चाचणीला कसे आणायचे, हे ती स्वतःच्या अनुभवातून सांगते. ही पद्धत नंतर आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेली.

आता त्या दोन उदाहरणांकडे येऊ, ज्यांचा आपल्याशी थेट संबंध आहे.

केपटाउनमध्ये जुना मुस्लिम समाज आहे. तिथल्या फगमेदा मिलर यांना नवऱ्याच्या मृत्यूनंतर आपल्यालाही लागण असल्याचे कळले. 1990 च्या दशकात त्यांनी ही गोष्ट उघडपणे सांगितली. असे सांगणारी दक्षिण आफ्रिकेतली पहिली मुस्लिम स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात. तेव्हा तिथेही हाच हिशेब चालत होता की मुसलमानांना हा आजार होत नाही. 2000 साली त्या, धर्मशास्त्राचे अभ्यासक फरीद इसाक आणि त्यांचे सहकारी यांनी 'पॉझिटिव्ह मुस्लिम्स' नावाचा गट सुरू केला. लागण झालेल्या मुस्लिम स्त्रियांना एकत्र बसायला जागा देणे हे त्याचे मुख्य काम होते. त्याबरोबर इसाक यांनी एक वैचारिक भूमिकाही मांडली. 'लागण कशी झाली' या प्रश्नाच्या उत्तरावर आपली दया अवलंबून ठेवू नका, असे त्यांचे म्हणणे होते. निर्दोष रुग्ण आणि दोषी रुग्ण अशी वाटणी केली की प्रत्येक बाईला आधी आपले चारित्र्य सिद्ध करावे लागते आणि मग औषधाचा विषय निघतो. करुणा, जबाबदारी आणि न्याय या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या पाहिजेत, अशी त्यांची मांडणी होती.

हा मुद्दा या संपादकीयालाही लागू होतो. वर आपण एकनिष्ठ बायकोविषयी बोललो, कारण तिच्यावरचा अन्याय चटकन पटतो. पण जिची कहाणी इतकी सरळ नाही, जी वेश्या व्यवसायात होती, जिचे दुसरे लग्न झाले, जी घर सोडून गेली, तिचाही आधारावर तेवढाच हक्क आहे.

युगांडात इस्लामिक मेडिकल असोसिएशन या मुस्लिम डॉक्टरांच्या संघटनेने दुसरी वाट धरली. त्यांनी इमामांना सोबत घेतले. 1992 मध्ये मपिगी जिल्ह्यात इमाम आणि त्यांच्या जोडीला मोहल्ल्यातले स्वयंसेवक स्त्री-पुरुष यांना प्रशिक्षण देण्याचे काम सुरू झाले. ते घरोघरी जाऊन आजाराची माहिती देत, रुग्णाची विचारपूस करत. सुरुवातीला कंडोमविषयी बोलायला अनेक इमामांचा विरोध होता. डॉक्टरांनी भांडण मांडले नाही, चर्चा चालू ठेवली. पती-पत्नींपैकी एकालाच लागण असेल तर दुसऱ्याचा जीव वाचवणे हेही कर्तव्यच आहे, या टप्प्यापर्यंत ती चर्चा गेली आणि विषय प्रशिक्षणात आला. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेने 1998 मध्ये या कामाची नोंद इतर देशांनी शिकावे असे उदाहरण म्हणून घेतली. मशीद ही अडचण आहे असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण वाचावे. मशिदीत हा विषय चालत नाही असे समजणाऱ्यांनीही वाचावे.

भारतात असे काही झालेच नाही, असे नाही. 1998 मध्ये कौसल्या पेरियसामी यांनी चेन्नईत एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांचे 'पॉझिटिव्ह वुमन नेटवर्क' सुरू केले. त्यांनाही लागण नवऱ्याकडून झाली होती. आपल्या सांगलीत 'संग्राम' संस्थेने 1992 पासून वेश्या व्यवसायातल्या स्त्रियांना सोबत घेऊन काम केले आणि त्यातून 1996 मध्ये त्यांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. ज्यांना समाजाने सर्वांत खालची पायरी दिली होती, त्या बायका एकमेकींना दवाखान्यात नेत होत्या, आजारी सोबतिणीला अंघोळ घालत होत्या. सांगली आपल्यापासून एका रात्रीच्या एसटीवर आहे. तिथून शिकण्यासारखे बरेच आहे. कमी पडतो तो आपल्या मोहल्ल्यातला, आपल्या जमातीतला दुवा.

कायदा तिच्या बाजूने आहे

10 सप्टेंबर 2018 पासून देशात एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, 2017 लागू आहे. तो आपल्या तरुणांनी वाचायला हवा, कारण मोहल्ल्यात जे सर्रास होते त्यातले बरेचसे या कायद्याने बेकायदा ठरवले आहे.

संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही चाचणी करता येत नाही. नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचे घर यांत भेदभाव करता येत नाही. एखाद्याच्या लागणीची माहिती त्याच्या संमतीविना उघड करता येत नाही. कलम 29 तर नेमके आपल्या विषयावर बोट ठेवते. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. तिला घरातून किंवा घराच्या कुठल्याही भागातून वगळता येत नाही आणि घरातल्या सोयी वापरण्यापासून अडवता येत नाही. म्हणजे स्वयंपाकघरात येऊ नको म्हणणेही त्यात आले. हे संरक्षण लागण झालेल्या व्यक्तीसोबत राहणाऱ्या किंवा राहिलेल्या माणसालाही आहे. नवऱ्याला लागण होती आणि तिला नाही, तरी ती त्यात येते.

जोडीदाराला सांगण्याविषयीही कायद्याने बारकाईने विचार केला आहे. ठरावीक अटी पाळून डॉक्टर किंवा समुपदेशक लागण झालेल्या माणसाच्या जोडीदाराला सावध करू शकतात. पण लागण स्त्रीला असेल आणि सांगितल्यामुळे तिला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल, तर त्यांनी सांगू नये, असेही कायदा म्हणतो. तक्रारीसाठी प्रत्येक राज्यात लोकपाल नेमायचा आहे आणि त्याने 30 दिवसांत आदेश द्यायचा आहे.

याच्या जोडीला 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, जो सर्व धर्मांच्या स्त्रियांना सारखाच लागू होतो. आणि आपला स्वतःचा शरियतचा नियमही आहे. मेहर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे. इस्टेट वाटण्याआधी ते फेडावे लागते. त्यानंतर विधवेला मुले असतील तर आठवा हिस्सा आणि नसतील तर चौथा हिस्सा मिळतो. आजारी बाईचा हिस्सा कमी होतो असे कुठेही लिहिलेले नाही. पर्सनल लॉच्या रक्षणासाठी मोर्चे काढणाऱ्यांनी एकदा या आठव्या हिश्श्यासाठीही कुणाच्या तरी घरी जावे.

तोहमतीविषयीही बोलायला हवे. पाकदामन स्त्रीच्या चारित्र्यावर आरोप करून चार साक्षीदार न आणणाऱ्याला सूरह नूरमध्ये शिक्षा सांगितली आहे. रक्ततपासणीचा कागद हा चारित्र्याचा साक्षीदार नाही. 'हे तू कुठून आणलेस' हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाने, आपण कुठल्या गुन्ह्याच्या दारात उभे आहोत, हे ओळखावे.

सीवूड्समधून सुरुवात

सीवूड्स, नेरूळ, बेलापूर, तुर्भे या पट्ट्यात आपली बहुतेक कुटुंबे बाहेरून आलेली आहेत. कुणी कोकणातले, कुणी सोलापूर-मराठवाड्यातले, कुणी उत्तर प्रदेशातले. पुरुष ट्रक आणि टेम्पो चालवतात, तुर्भ्याच्या बाजारात हमाली करतात, बांधकामावर जातात. बायका टॉवरमध्ये घरकाम करतात. इथे गावासारखी दहा घरांची भाऊबंदकी नाही. एका परीने ते बरे आहे, कारण कुणी कुणाला फारसे ओळखत नाही. पण आजारपणात तेच नडते. घरकाम करणाऱ्या बाईला भीती असते की एका घरात कळले तर चारही घरांचे काम जाईल. म्हणून जवळच्या केंद्रात ओळखीचे कुणी भेटेल या धास्तीने बायका लांबचे केंद्र धरतात. लांबच्या केंद्राला भाडे लागते, दिवसाची मजुरी बुडते, एखाद्या महिन्याची फेरी चुकते आणि गोळी खंडित होते. समाजाच्या भीतीने औषध थांबते ते असे.

इथे आपण काय करू शकतो? मोठी संस्था लागत नाही. थोडी शिस्त लागते.

पहिली गोष्ट, जिला लागण आहे अशी एखादी बहीण स्वतःहून तयार असेल तर तिला केपटाउनसारखी साथीण म्हणून उभे करावे. तिच्या वेळेचे आणि भाड्याचे पैसे द्यावेत. हे काम रुग्णालयातल्या समुपदेशकांच्या आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांच्या सल्ल्याने व्हावे. कुणाची यादी करू नये, रजिस्टर ठेवू नये, फोटो काढू नये. महिन्यातून एकदा बायकांची बैठक शिवणवर्ग किंवा आरोग्य वर्ग या नावाने भरली तरी चालेल. दारावर एचआयव्हीची पाटी लावायची गरज नाही.

दुसरी गोष्ट जकातीची. गरीब विधवा जकातीची हकदार आहे, याबद्दल दुमत नाही. केंद्रापर्यंतचे भाडे, सकस अन्न आणि मुलांची फी यासाठी जकातीचा काही भाग बाजूला ठेवावा. देताना आजाराचा कागद मागू नये. याशिवाय संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीग्रस्तांचा समावेश आहे आणि लागण असलेल्या पालकांच्या मुलांना बालसंगोपन योजनेचा लाभ मिळू शकतो. तहसील कार्यालयातले कागद जमवताना बायका दमतात आणि मध्येच सोडून देतात. पदवीधर तरुणांनी महिन्याची एक सुटी या कागदांना दिली तरी काही घरे उभी राहतील.

तिसरी गोष्ट जुम्म्याची. वर्षातून एक तरी खुत्बा या विषयावर व्हावा आणि त्याआधी इमामसाहेबांनी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. त्यात तीन गोष्टी आल्या तरी पुरे. एकत्र राहण्या-जेवण्याने ही लागण होत नाही. औषध मोफत आहे आणि ते माणसाला जगवते. आजाऱ्याची इयादत करणे सुन्नत आहे, मग आजार कुठलाही असो. तरुणांनी इमामसाहेबांकडे तक्रार घेऊन जाऊ नये, विनंती घेऊन जावी. युगांडातल्या डॉक्टरांनीही तसेच केले होते.

चौथी गोष्ट गुस्लची. या आजाराने गेलेल्या माणसाला अंघोळ घालायला हात पुढे येत नाहीत आणि त्या घरावर शेवटचा डाग लागतो. प्रत्येकच मय्यतीला हातमोजे आणि नेहमीची स्वच्छता पाळून गुस्ल द्यावा. नियम सगळ्यांना एकच असला की कुणाकडे बोट दाखवले जात नाही. गुस्ल देणाऱ्या स्त्रियांना याचे प्रशिक्षण द्यायला एक दुपार पुरते.

पाचवी गोष्ट तरुण मुलांसाठी आहे. निकाहच्या आधी दोघांनी मिळून, आपल्या मर्जीने चाचणी करून घ्यावी. ही जबाबदारी मुलाने आधी उचलावी. जमातीने सक्तीचे सर्टिफिकेट मागू नये. ते कायद्याला धरून नाही आणि त्यातून फक्त मुलींची बदनामी वाढेल. बायकोचा कागद पॉझिटिव्ह आला तर त्याच दिवशी स्वतःची चाचणी करावी आणि घरात तिच्या बाजूने उभे राहावे. सासूच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे काम नवऱ्याचे आहे.

सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत अवघड गोष्ट मोबाइलवरची आहे. मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अमुक घरात ते आहे' असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका. ती गीबत आहे, आणि ज्या बाईचे नाव त्यात आहे तिचे घर त्या एका मेसेजने मोडू शकते. पाठवणाऱ्याला सांगा की, दुसऱ्याची माहिती अशी उघड करता येत नाही. आणि कुणाला मदत हवी असेल तर 1097 हा राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन क्रमांक द्या. तिथे नाव सांगावे लागत नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी या शहरातल्या एका मुस्लिम उद्योजकाने औषधाचा भाव पाडला आणि आफ्रिकेतल्या बायका जगल्या. आज नेरूळमधली एखादी बाई गोळीची बाटली ओढणीत लपवून लोकलने घरी येते. ती बाटली तिला तिच्याच घरात फडताळावर उघडी ठेवता आली पाहिजे. त्यासाठी लागणारे काम कुठल्या कंपनीचे किंवा सरकारचे नाही. ते आपल्या घरांचे आणि जमातीचे आहे, आणि त्याला लागणारी माणसे हा अंक वाचत आहेत.

— संपादक मंडळ, सीवूड्स